एक बाटली, कधी पाच तर कधी शून्य: पीएलसीचा स्कॅन समजावणारं एक प्रकरण

बाटल्या भरण्याच्या एका लाइनच्या टोकाला खोकी भरणारं यंत्र आहे. त्याचं काम साधं: बाटल्या मोजायच्या, 12 झाल्या की फाटक फिरवायचं आणि पुढच्या 12 शेजारच्या खोक्यात सोडायच्या. वर्षभर हे यंत्र बिनतक्रार चाललं. मग एका आठवड्यात काही खोक्यांत 13 बाटल्या निघायला लागल्या, क्वचित 14. 11 बाटल्यांचं खोकं मात्र एकदाही सापडलं नाही. ही शेवटची गोष्ट आम्ही तेव्हा ऐकली आणि सोडून दिली. ती नीट ऐकली असती तर दोन दिवस वाचले असते.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण दुरुस्ती नाही. दुरुस्ती दीड तासाची होती. पण पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, शिकायला लागलेल्या माणसाला जी एक गोष्ट समजावताना माझी सगळ्यात जास्त दमछाक होते, ती या यंत्राने माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलाला दोनदा दाखवली, आणि दोन्ही वेळा उलट्या बाजूंनी. पीएलसी इनपुटकडे सतत बघत नसतो. तो एकदा बघतो, डोळे मिटून विचार करतो, हात हलवतो आणि मग पुन्हा बघतो.

यंत्र आणि त्याचे आकडे

बाटल्या पारदर्शक आहेत, म्हणून प्रकाशाचा सेन्सर बाटलीच्या अंगावर न लावता बुचाच्या उंचीवर लावलेला आहे. बूच अपारदर्शक, 20 मिमी रुंद. बूच किरणाच्या आड आलं की सेन्सर 24 व्होल्टचा सिग्नल देतो, बूच पुढे सरकलं की सिग्नल जातो. मोजणीच्या आधी एक स्क्रू आहे, तो बाटल्यांमध्ये 250 मिमीचं अंतर पाडतो. पट्टा मिनिटाला 40 मीटर वेगाने चालायचा. कंट्रोलर लहान आकाराचा, एकाच ठोकळ्यात इनपुट-आउटपुट असलेला. प्रोग्रॅमची एक फेरी, म्हणजे एक स्कॅन, साधारण 6 मिलिसेकंदांत पुरी व्हायची.

40 मीटर प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला 667 मिमी. 20 मिमीचं बूच किरणासमोरून जायला 30 मिलिसेकंद लागतात. हे 30 आणि ते 6, हे दोन आकडे लक्षात ठेवा. सगळं प्रकरण या दोघांच्या नात्याचं आहे.

पहिला आठवडा: बंद बटण

मुलगा विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन आला होता. रिले आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने चालू-बंद होणारे स्विच, यांची वायरिंग त्याला उत्तम यायची. ड्रॉइंग न बघता मोटरचा स्टार-डेल्टा स्टार्टर जोडायचा. असा मुलगा पीएलसी झटकन शिकेल असं सगळ्यांना वाटतं, आणि एका अर्थाने शिकतोही, कारण लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची चित्रभाषा, त्याच्या ओळखीचं असतं. दोन उभ्या रेषा, मध्ये कॉन्टॅक्ट, म्हणजे अटी, शेवटी कॉइल, म्हणजे आउटपुट. रिलेचं ड्रॉइंगच जणू पडद्यावर उतरवलंय.

हे साम्य मुद्दाम ठेवलेलं आहे. 1968 मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या पॅनेलना पर्याय हवा होता. मोटारीचं मॉडेल बदललं की ती पॅनेलं नव्याने वायर करावी लागत. बेडफर्ड असोसिएट्समध्ये डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो कंट्रोलर तयार केला, तो त्यांचा 84वा प्रकल्प होता, म्हणून त्याचं नाव मॉडिकॉन 084 पडलं. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला संगणकाची भाषा शिकावी लागू नये, त्याने रोज बघितलेलं ड्रॉइंगच त्याला पडद्यावर दिसावं, हा लॅडरमागचा विचार. तो इतका चपखल बसला की 1993 मध्ये आयईसी 61131-3 या आंतरराष्ट्रीय मानकाने पीएलसीच्या भाषा ठरवल्या तेव्हा पाच भाषांत लॅडरलाही जागा मिळाली, आणि आजही नवा माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो.

लॅडरवर माझा राग नाही. रात्री 2 वाजता बंद पडलेल्या यंत्रासमोर कुठली ओळ अडली आहे हे एका नजरेत दाखवणारं दुसरं काही मला माहीत नाही. पण ते दिसतं तारांसारखं आणि चालतं यादीसारखं, आणि रिले चांगले येणाऱ्या माणसाला हा फरक सगळ्यात उशिरा कळतो.

त्या मुलाला त्याचा पहिला झटका बंद बटणाने दिला. सरावाच्या पॅनेलवर मोटर चालू-बंद करायचा प्रोग्रॅम त्याने लिहिला. चालू बटण एनओ (एरवी उघडं, दाबल्यावर जोडणारं), बंद बटण एनसी (एरवी जोडलेलं, दाबल्यावर तुटणारं), बरोबर जसं कॉन्टॅक्टरला जोडतात तसं. मग लॅडरमध्येही बंद बटणासाठी त्याने एनसीचं चिन्ह टाकलं. मोटर काही केल्या सुरू होईना.

"मॅडम, वायरिंग तीनदा तपासलं. बरोबर आहे."

वायरिंग बरोबरच होतं. बटण एनसी, म्हणजे हात न लावता इनपुटवर 24 व्होल्ट, म्हणजे कंट्रोलरच्या आत तो बिट 1. आणि लॅडरमधलं एनसीचं चिन्ह विचारतं: हा बिट 0 आहे का? नाही. मग ओळ तिथेच तुटते. पडद्यावरचं चिन्ह बटणाचं चित्र नसतं, तो आतल्या एका बिटाला विचारलेला प्रश्न असतो. एनसी बटणासाठी लॅडरमध्ये एनओचं चिन्ह लागतं. हे ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

"मग बटणच एनओ लावू या ना, चित्र तरी जुळेल."

नाही. बंद करण्याचं बटण एनसीच हवं, कारण तार तुटली, टर्मिनल सैल झालं तर सिग्नल जातो आणि मोटर थांबते. एनओ लावलं तर तुटलेली तार कुणाला कळणारच नाही. कळेल ती बटण दाबूनही मोटर थांबत नाही तेव्हा. आणि आपत्कालीन थांब्याचं लाल बटण तर साध्या पीएलसीच्या प्रोग्रॅमवर सोडायचंच नाही. ते सेफ्टी रिलेतून किंवा त्यासाठीच प्रमाणित केलेल्या सेफ्टी कंट्रोलरमधून थेट वीज तोडतं. साध्या पीएलसीला फक्त कळवायचं की बटण दाबलंय. यावर मी कुणाशीही वाद घालत नाही.

12 बाटल्या, मोजणी 61

तीन आठवड्यांनी त्याला मी खऱ्या लाइनवर एक काम दिलं. चालू मोजणीला हात न लावता स्वतःची वेगळी मोजणी लिही. तिचा आकडा फक्त वाचायचा, तिने कुठलंही आउटपुट हलवायचं नाही. काउंटरचा तयार ब्लॉक न वापरता लिही, असंही सांगितलं.

त्याने एका ओळीत लिहिलं: सेन्सरचा कॉन्टॅक्ट, पुढे बेरजेचा ब्लॉक, आकड्यात 1 मिळव. वाचायला अगदी स्वच्छ. सेन्सरसमोर बाटली आली की 1 मिळव. शिफ्ट संपल्यावर आम्ही 12 रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून सोडल्या. आकडा आला 61.

तो सेन्सरकडे वळला. किरण थरथरतोय, पट्ट्याला हादरा आहे, तारेत गडबड आहे. मी त्याला फक्त भागाकार करायला सांगितला. 61 भागिले 12, पाचच्या आसपास. आणि बूच किरणासमोर किती वेळ? 30 मिलिसेकंद. स्कॅन किती? 6.

तो बराच वेळ गप्प होता. मग वहीत त्याने एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर 30 मिलिसेकंदांची एक पेटी काढली आणि खाली दर 6 मिलिसेकंदांनी एकेक टिंब देत गेला. पेटीखाली पाच टिंबं आली.

"म्हणजे तो एकाच बाटलीकडे पाच वेळा बघतोय. आणि दर वेळी त्याला ती नवीन वाटते."

हेच मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. कंट्रोलर फेरीच्या सुरुवातीला सगळ्या इनपुटची एकदम नोंद घेतो आणि ती स्मृतीत ठेवतो. मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम चालवतो, आणि त्या पूर्ण वेळात तो मघाच्या नोंदीकडेच बघतो, खऱ्या सेन्सरकडे नाही. शेवटी आउटपुट एकदम बाहेर पाठवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून "बाटली आहे का" असं विचारून भागत नाही. "मागच्या फेरीत नव्हती आणि आता आहे का" असं विचारावं लागतं. मागच्या फेरीची स्थिती एका बिटात साठवायची आणि आत्ताच्या स्थितीशी ताडून बघायची. शून्यातून एकात जाण्याचा तो एकच क्षण पकडायचा. काउंटरच्या तयार ब्लॉकमध्ये ही सोय आतच असते, म्हणूनच मी त्याला तो वापरू दिला नव्हता.

त्याने जुना बिट साठवणारी ओळ लिहिली, पण मोजणीच्या ओळीच्या वर लिहिली. आता मोजणी शून्यावरून हलेना. कारण वरच्या ओळीने जुनी स्थिती आधीच नवी करून टाकली, खालच्या ओळीला फरक दिसणार कुठून? दोन्ही ओळींची जागा बदलली आणि 12 बाटल्यांची मोजणी 12 आली. तारांच्या जगात कुठलं ड्रॉइंग वर आणि कुठलं खाली याने काही बिघडत नाही, इथे सगळं बिघडतं. त्याच दिवशी मी त्याला एकच कॉइल दोन ओळींत वापरून दाखवली. वरची ओळ म्हणते चालू, खालची म्हणते बंद, आणि शेवटी जिंकते ती खालची.

दोन बदल, दोन माणसं

पुढे काही महिन्यांत त्या यंत्रात दोन बदल झाले.

सुपरवायझरना पडद्यावर शिफ्टचा अहवाल हवा होता. दर मिनिटाच्या नोंदी आधीच साठत होत्या, 8 तासांच्या 480 ओळी, प्रत्येकीत चार आकडे. अहवालाचं पान उघडलं की या सगळ्यांची बेरीज करून दाखवायची. हे काम त्याच मुलाने केलं. पान उघडं असेल तोवर प्रत्येक फेरीत एक लूप 480 ओळी फिरून चार बेरजा करायचा. बेरजा अचूक येत होत्या, लाइनवर काही फरक पडला नव्हता. तपासून मीच मंजूर केलं. तेव्हा पट्टा 40 वर चालत होता.

त्यानंतर उत्पादन वाढवायचं ठरलं. ड्राइव्हची फ्रिक्वेन्सी वाढवून पट्टा मिनिटाला 60 मीटरवर आणला. स्क्रू, फाटकाचा सिलिंडर, भरण्याच्या नळ्या सगळं तपासून झालं. मिनिटाला 160 बाटल्यांच्या जागी 240 जायला लागल्या. दिवसभर खोकी मोजली, सगळी 12ची. त्या दिवशी कुणी अहवालाचं पान उघडलं नव्हतं.

संशयाचे दोन दिवस

13 बाटल्यांची खोकी यायला लागली तेव्हा सेन्सरवर संशय जाणं साहजिक होतं. भिंग पुसलं, रोख जुळवला, शेवटी सेन्सरच बदलला. फरक नाही.

मग मुलाने लॅपटॉप जोडून प्रोग्रॅम चालताना बघायला सुरुवात केली. सेन्सरचा कॉन्टॅक्ट बाटली गेली की हिरवा व्हायला हवा. तो कधी व्हायचा, कधी नाही. तीन-चार बाटल्या जायच्या तेव्हा कुठे एकदा चमकायचा. "सिग्नलच येत नाहीये, मॅडम," तो खात्रीने म्हणाला आणि सेन्सरची तार बदलायला निघाला.

इथे नवा माणूस हमखास चुकतो. लॅपटॉपवरचं चित्र कंट्रोलरकडून सेकंदात काही वेळाच ताजं होतं. 20 मिलिसेकंदांची घटना त्या दोन चित्रांच्या मधल्या फटीत सहज निसटते. पडद्यावर कॉन्टॅक्ट हिरवा झाला नाही म्हणजे प्रोग्रॅमला तो दिसला नाही, असं होत नाही, आणि उलटही नाही. जलद सिग्नलसाठी पडद्याचा पुरावा धरायचाच नाही. मी त्याला कंट्रोलरच्या अंगावरचा इनपुटचा छोटा दिवा दाखवला. तो दिवा इनपुटच्या सर्किटचा असतो, प्रोग्रॅमच्या फेरीशी त्याचा संबंध नसतो. तो प्रत्येक बाटलीला बारीकसा चमकत होता. सिग्नल दारापर्यंत येत होता. हरवत होता तो दाराच्या आत.

आणि तिथे आम्ही अडलो, कारण आम्ही दोघं उभे असताना सगळी खोकी 12ची भरत होती.

काकांची वही

यंत्रावर काम करणारे काका पंचवीस-तीस वर्षं याच कामात आहेत. त्यांना लॅडर येत नाही, पण चुकलेलं प्रत्येक खोकं ते वेळेसह वहीत लिहीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वही माझ्यापुढे केली.

"ताई, हे बघा. दर तासाच्या ठोक्याला. 10 वाजता, 11ला, 12ला, 1ला. काल 3 ते 4 साहेब मीटिंगला होते, तेव्हा एक खोकं चुकलं नाही."

"साहेबांचा काय संबंध?"

"साहेब तासाला येतात, पडद्यावर आकडा बघतात, पान तसंच उघडं ठेवून खोकी बघायला जातात. परत येऊन पान बंद करतात. मोजणी बघायला आले की मोजणी चुकते."

मी या ओळी काकांच्या तोंडच्या जशाच्या तशा लिहिल्या आहेत, कारण तपासातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच होतं. मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला त्याचा लूप आठवला. त्याने लॅपटॉपवर कंट्रोलरच्या निदानाचं पान उघडलं. तिथे फेरीच्या वेळाचे तीन आकडे असतात: सगळ्यात छोटी फेरी, आत्ताची आणि सगळ्यात मोठी. 5, 6 आणि 22.

हा 22 तिथे अनेक महिने लिहिलेला होता. कुणी बघितला नव्हता. कंट्रोलरनेही तक्रार केली नव्हती, कारण फेरी फार लांबली तर यंत्र थांबवणारा वॉचडॉग आमच्याकडे 150 मिलिसेकंदांवर लावलेला होता. 22 त्याच्या लेखी काहीच नाही.

गणित

60 मीटर प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला 1000 मिमी. 20 मिमीचं बूच आता 20 मिलिसेकंदच किरणासमोर असतं. पान बंद असताना फेरी 6ची, म्हणजे बूच तीन-चार वेळा दिसतं. पान उघडलं की फेरी 22ची. कंट्रोलर एकदा बघतो आणि पुढचे 22 मिलिसेकंद बघत नाही. या 22 मधले 20 बाटलीच्या वाट्याला येतात, 2 येत नाहीत. बूच बरोबर दोन नजरांच्या मध्ये आलं आणि गेलं, तर कंट्रोलरच्या दृष्टीने ती बाटली आलीच नव्हती. 22 मध्ये 2, म्हणजे सरासरी 11 बाटल्यांत एक हरवते. 12 मोजायला 13 सोडाव्या लागतात, कधी 14. खोक्यांत नेमकं तेच दिसत होतं.

आणि 11चं खोकं का येत नव्हतं तेही इथेच कळतं. ही चूक फक्त बाटल्या हरवते, जास्तीच्या मोजत नाही. हादरा किंवा किरणाची थरथर असती तर एक बाटली दोनदा मोजली गेली असती आणि खोक्यांत कमी बाटल्या निघाल्या असत्या. चूक एकाच दिशेची आहे एवढ्यावरूनच निम्मे संशयित बाद करता आले असते.

जुन्या वेगाला बूच 30 मिलिसेकंद थांबायचं. 22ची फेरी त्याला कधीच चुकवू शकत नव्हती. म्हणून अहवाल आला तेव्हा काही झालं नाही. वेग वाढवला तेव्हाही पान बंद असल्याने काही झालं नाही. दोन्ही कामं आपापल्या जागी बरोबर होती.

इनपुटच्या फिल्टरबद्दलही इथे सांगायला हवं, कारण मुलाचा पुढचा प्रश्न तोच होता. इनपुटवर येणारी क्षणिक खरखर गिळण्यासाठी प्रत्येक इनपुटला एक विलंब दिलेला असतो, आमच्याकडे 6.4 मिलिसेकंद. त्यापेक्षा छोटा सिग्नल आत येतच नाही. मोठा येतो, फक्त जरा उशिरा, आणि जातोही तितक्याच उशिरा, त्यामुळे त्याची लांबी टिकते. आमच्या 20च्या सिग्नलला हा फिल्टर अडवत नव्हता. तरी तो उगाच कमी करू नये. बटणाचा किंवा लिमिट स्विचचा कॉन्टॅक्ट मिटताना काही मिलिसेकंद उड्या मारतो, आणि फिल्टर काढला तर त्या उड्याही मोजल्या जातात.

पडताळा

गणित जुळलं म्हणून मी मुलाला लगेच प्रोग्रॅम बदलू दिला नाही. कारण दिसतंय असं वाटणं आणि ते खरं असणं यात अंतर असतं, आणि चालू लाइनवर त्या अंतराची किंमत मोठी असते.

कंट्रोलरमध्ये हाय-स्पीड काउंटर असतो. तो हार्डवेअरमध्ये मोजतो, प्रोग्रॅमच्या फेरीची वाट बघत नाही. सेन्सरची तीच तार आम्ही एका मोकळ्या इनपुटवरही घेतली, तिथे हाय-स्पीड काउंटर लावला आणि दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी ठेवल्या. जेवणाच्या सुट्टीत 500 बाटल्या सोडल्या, पान बंद. दोन्हीकडे 500. मग पान उघडून पुन्हा 500. हाय-स्पीड काउंटर 500, प्रोग्रॅमची मोजणी 456. 44 हरवल्या, म्हणजे दर 11-12 मागे एक. मग पट्टा 40 वर आणून, पान उघडं ठेवून 500. दोन्हीकडे 500. ही तिसरी चाचणी मुलाने स्वतः सुचवली, आणि मला तिचाच जास्त आनंद झाला. आपण सांगतो ते कारण असेल तर अमुक परिस्थितीत चूक दिसायला नको, असं म्हणून त्याने ती परिस्थिती करून बघितली.

दुरुस्ती

हाय-स्पीड काउंटर जोडलेलाच होता, मग मोजणी त्याच्यावर टाकून मोकळं व्हावं असा मोह होता. मला तो पटला नाही. मोजणी सुधारली असती, पण 22ची फेरी तशीच राहिली असती, आणि त्याच फेरीत फाटकाचं आउटपुटही अडकलेलं आहे. सेन्सरचा सिग्नल बदलल्यापासून आउटपुट बाहेर पडेपर्यंत वाईटात वाईट जवळजवळ दोन फेऱ्या जाऊ शकतात. दोन फेऱ्या म्हणजे 44 मिलिसेकंद, आणि 60च्या वेगाला तेवढ्यात बाटली 44 मिमी पुढे गेलेली असते. आज 250 मिमीच्या अंतरात ते खपतंय एवढंच.

म्हणून आधी लूप मोडला. एका फेरीत 480 ओळी फिरण्याऐवजी फक्त 10 ओळी. कुठवर आलो ते एका आकड्यात साठवायचं, पुढच्या फेरीत तिथून पुढच्या 10. 48 फेऱ्यांनी बेरीज पुरी झाली की ती पडद्याच्या जागी नेऊन ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा त्याने अर्धवट बेरीजच पडद्यावर जोडली होती, त्यामुळे साहेबांना आकडा शून्यातून वर चढताना दिसायचा. बेरीज करायची जागा आणि दाखवायची जागा वेगळी केल्यावर ते थांबलं. आता पानावरचे आकडे साधारण दर एक तृतीयांश सेकंदाला ताजे होतात, जे माणसाच्या डोळ्याला पुष्कळ आहे. पान उघडं असताना सगळ्यात मोठी फेरी 7 मिलिसेकंद.

त्यानंतर मोजणीही हाय-स्पीड काउंटरवर नेली. 7च्या फेरीला आज तिची गरज नव्हती. पण मोजणी हे या यंत्राचं मुख्य काम आहे, आणि मुख्य काम प्रोग्रॅममध्ये पुढे कोण काय भर घालील यावर टांगून ठेवू नये असं माझं मत आहे. जुनी मोजणीही काढली नाही. दोन्ही चालतात, आणि त्यांच्यात एका बाटलीचाही फरक पडला की पडद्यावर सूचना येते.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मुलाने एक तक्ता चिकटवला. त्यात बुचाची रुंदी, पट्ट्याचा वेग, त्यावरून येणारी सिग्नलची लांबी, फिल्टर आणि सगळ्यात मोठी फेरी, एवढे पाच रकाने आहेत. सिग्नलची लांबी फेरीच्या दुपटीच्या खाली गेली तर वेग वाढवायचा नाही, असं त्याने खाली लिहिलं आहे. ही दुप्पट त्याने स्वतः ठरवली. मी विचारलं, एकपट का नाही? म्हणाला, उद्या कुणीतरी आणखी एक पान वाढवेल.

दोन महिन्यांनी 18 मिमी बुचाची नवी बाटली आली आणि पट्टा 75 वर न्यायचा विचार पुढे आला. तो आधी दारापाशी गेला. 75 म्हणजे सेकंदाला 1250 मिमी, 18 मिमीला 14.4 मिलिसेकंद, फेरी 7. दुपटीच्या जेमतेम वर. त्याने तक्त्यात नवी ओळ लिहिली, आणि लाइन वाढवण्याआधी पान उघडं ठेवून 500 बाटल्यांची चाचणी घ्यायची म्हणून काकांना दुपारच्या सुट्टीची वेळ विचारायला गेला.